वाचकांचे प्रश्न : मुलाने दाढी काढावी का?

प्रश्न : माझा मुलगा येत्या ऑगस्टमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला आहे. तो दाढी राखतो. आमच्याच पेठेतला त्याचा शाळेपासूनचा मुस्लिम मित्रही त्याच विद्यापीठात जात असून तो दाढी राखतो आणि टोपीही घालतो. नातेवाईक म्हणतात, मुलाने दाढी काढावी, कपाळाला गंध लावावे आणि विमानतळावर मित्रापासून अंतर ठेवावे, म्हणजे तो मुसलमान नाही हे अधिकाऱ्यांच्या लक्षात येईल. मी त्याला काय सांगावे?
— एक आई, शनिवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : आपली काळजी अनाठायी नाही. पेहराव, दाढी आणि वर्ण पाहून माणसाला संशयित ठरवण्याचे प्रकार तिकडे घडलेले आहेत. तरीही नातेवाइकांचा सल्ला मला पटत नाही. गंध पाहून ओळख पटेल, हा भरवसाच मुळात फोल आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोना राज्यातील मेसा येथे बलबीर सिंग सोधी या शीख गृहस्थांना त्यांच्या स्वतःच्या पेट्रोल पंपाबाहेर गोळ्या घालून ठार करण्यात आले, कारण पगडी आणि दाढी पाहून मारेकऱ्याने त्यांना अरब मुसलमान समजले होते. द्वेषाने पेटलेला माणूस पगडी कोणाची आणि गंध कोणत्या पंथाचे, याची चौकशी करत बसत नाही. आणि सोधी खरोखरच मुसलमान असते, तरी तो गुन्हा तसूभरही कमी ठरला नसता. 'मी त्यांच्यातला नाही' असे दाखवल्याने संशय मिटत नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या मित्राच्या माथी मारला जातो, एवढेच.

हे मी कोल्हापूरच्या वाचकाला अधिक आग्रहाने सांगतो, कारण या शहराला असा संशय नवा नाही आणि तो नाकारण्याची परंपराही नवी नाही. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि त्यांतील माणसांना पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्या फासेपारध्यांना इतर लोक चोर म्हणत, त्यांनाच विश्वासाने पहाऱ्याच्या कामावर घेतले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी चोरी झाली की पहिला संशय अनेकदा पारध्यांच्या पालावरच जातो. विमानतळावर आपल्या मुलाची जी भीती आपल्याला वाटते, ती या पालांवरच्या आयांना पिढ्यानपिढ्या वाटत आलेली आहे. ज्या शहरातील काही तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, तिथल्या मुलाने परदेशात पाऊल ठेवताच मित्रापासून दूर सरकावे, असे मी तरी सुचवणार नाही.

दाढीचा निर्णय मुलाचा आहे. त्याला ती आवडत असेल तर राहू द्यावी. पासपोर्ट आणि विद्यापीठाचा आय-२० फॉर्म दोघांनीही हातातल्या बॅगेत ठेवावा आणि विचारलेल्या प्रश्नांना थोडक्यात, शांतपणे उत्तरे द्यावीत. अमेरिकी विमानतळांवरील सुरक्षा तपासणीत धार्मिक टोपी, पगडी किंवा हिजाब घालून जाता येते. मात्र वरून चाचपणी होऊ शकते, आणि डोक्यावरचे वस्त्र काढायला सांगितल्यास तपासणी खाजगी जागेत व्हावी, अशी मागणी करता येते. जागच्या जागी वाद घालू नये. परंतु तारीख, वेळ, ठिकाण आणि काय घडले हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. पुन्हा पुन्हा अडवले गेल्यास तिथल्या होमलँड सिक्युरिटी विभागाकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. त्या अर्जाला मिळणारा क्रमांक पुढची तिकिटे काढताना नोंदवावा.