उबुंटू, मिंट की डेबियन?

प्रश्न : माझी मुलगी यंदा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असून तिला सी आणि पायथन शिकायचे आहे. घरी ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स टाकायचे ठरले. पण सीताबर्डीचा दुकानदार उबुंटू सुचवतो, भाचा मिंट म्हणतो आणि मुलीच्या महाविद्यालयातला एक सीनियर डेबियनचाच आग्रह धरतो. काय निवडावे?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : लिनक्सच्या या तिन्ही प्रणाली एकाच घराण्यातल्या आहेत. डेबियन १९९३ साली सुरू झाली, तिच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभी राहिली आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट निघाली. त्यामुळे आपल्या मुलीला जे शिकायचे आहे, त्यात या निवडीने जवळपास काहीच फरक पडत नाही. टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ ही आज्ञा दिली की सी भाषेचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चालवण्याजोगा करणारे साधन) तिन्हींवर सारखाच येतो.

नवशिक्याच्या अडचणीही तिन्हींवर त्याच असतात. प्रोग्राम कंपाइल झाला, ‘ए डॉट आउट’ ही फाइल समोर दिसते आहे, तरी तिचे नुसते नाव टाइप केल्यावर आज्ञा सापडत नाही असे उत्तर येते. कारण आपण ज्या फोल्डरमध्ये बसलो आहोत तिथे शेल (टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) आपणहून शोधत नाही, नावाच्या आधी टिंब आणि तिरपी रेघ द्यावी लागते. पायथनमध्येही तसेच. या तिन्ही प्रणालींच्या अलीकडच्या आवृत्त्या ‘पिप’ला (पायथनची जादा पॅकेजे बसवणाऱ्या साधनाला) थेट प्रणालीच्या पायथनमध्ये काही बसवू देत नाहीत, आधी ‘व्हेनव्ह’ने वेगळे वातावरण तयार करावे लागते. जुन्या व्हिडिओंत हे सांगितलेले नसते आणि मुले उगाच प्रणालीला दोष देतात.

सीनियरचे म्हणणे चुकीचे नाही. डेबियन अतिशय स्थिर आहे आणि वायफायसाठी लागणारे फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) वेगळे शोधण्याची जुनी कटकटही २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून बरीच कमी झाली आहे. मात्र इन्स्टॉल करताना तिथे ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड विचारला जातो. तो भरला की नेहमीच्या वापरकर्त्याला ‘सुडो’चा (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याचा) अधिकार मिळत नाही आणि वर दिलेली पहिलीच आज्ञा नाकारली जाते. ती जागा रिकामी सोडली की काम होते, पण हे आधी कुणी सांगत नाही.

आपल्या लॅपटॉपची खरी अडचण रॅमची आहे. उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप ४ जीबीवर चालतो. पण ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडले की यंत्र रेंगाळू लागते (आणि नागपूरच्या मे महिन्यात जुन्या पंख्याची घरघर वेगळीच). म्हणून मी मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती सुचवेन. ती पेन ड्राइव्हवरून इन्स्टॉल न करताच सुरू करून पाहता येते. तेवढ्यात वायफाय, आवाज आणि टचपॅड चालतात का ते तपासावे. वायफाय दिसले नाही, तर त्याच पद्धतीने डेबियन पाहावी. एकदा निवड झाली की निदान एक सत्र तरी ती बदलू नये.

लॅपटॉपमध्ये घरचे फोटो असतील तर ते आधीच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, कारण इन्स्टॉल करताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडला गेला, तर विंडोजबरोबर तेही जातात.