गृहकर्ज पूर्ण फेडलं, पण सातबाऱ्यावर बँकेचा बोजा तसाच आहे. कर्ज संपलं की नाही?

संपलं. शेवटचा हप्ता भरून खातं शून्यावर आलं, तेव्हाच तुमच्या प्लॉटवरचा बँकेचा हक्क गेला. जामीनदार राहिलेले मेहुणे काळजीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जच उरलं नाही, तर त्यांच्याकडे मागणार काय? तुमच्या दुसऱ्या एखाद्या कर्जाला ते जामीन असतील तर गोष्ट वेगळी.

पण कायद्याने संपलेलं कर्ज कागदावरून आपोआप पुसलं जात नाही. मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं. लोक बेबाकी दाखला (कर्जाची काही बाकी नाही असं बँकेचं पत्र) घेतात, कपाटात ठेवतात आणि विक्रीची किंवा वाटणीची वेळ आली की सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजा समोर येतो. तोवर कर्ज घेणारे वडील हयात नसतात, शाखाही दुसरीत विलीन झालेली असते. म्हणून हे काम आत्ताच करा.

रिझर्व्ह बँकेचा १३ सप्टेंबर २०२३ चा आदेश तुमच्या बाजूने आहे. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे फिटलेल्या गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांना तो लागू आहे. पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं ही बँकेची जबाबदारी आहे. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची. कागद हरवले असतील तर बँकेला आणखी ३० दिवस मिळतात, पण नकला काढायला मदत करून खर्चही तिनेच सोसायचा. वाचणाऱ्या शेतकऱ्यांनी मात्र हा नियम पीककर्जाला लावू नये.

शाखेत तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. मूळ खरेदीखत, बेबाकी दाखला आणि बोजा कमी करण्याचं तलाठ्यांच्या नावचं पत्र, तिन्ही मागा. शेवटचं पत्रच लोक मागायचे विसरतात. बोजा कमी करण्याचा अर्ज महसूल विभागाच्या ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. तलाठी फेरफार (नोंदीतल्या बदलाची नोंद) धरतात, मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा.

बँकेने काम केलं नाही, तर तिच्याकडे लेखी तक्रार करा. तिने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही.