दिवाळीच्या सुट्टीत जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात कोणते कार्यक्रम ठेवावेत?

पणत्या सोडून काहीही ठेवा.

तुम्ही लिहिलंय की तालुक्याच्या गावी जुन्या वाड्यात छोटं वस्तुसंग्रहालय आहे, हाताशी पैसे थोडे आहेत, सुट्टीत माणसं यायला हवीत आणि ‘दीपोत्सव’ करायचं घाटतंय. तो शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या गावातही एका वाड्यात ट्रस्टचं संग्रहालय आहे, तिथे आठवड्यातून तीन दिवस बिनपगारी बसते. दोन चौक, सागवानी खांब, वर मातीचं धाबं, माजघराच्या भिंतीत धान्य साठवायचं बळद. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर कार्यवाहांनी बैठकीत जाहीर केलं की चौकात एक हजार एक पणत्या, ओसरीवर ऑर्केस्ट्रा आणि माजघरात फराळाचा स्टॉल. कार्यवाह म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, सातवीत बाकावर उभा राहिलेला. मी म्हटलं, खांब दोनशे वर्षांचे आहेत, फरशीच्या फटींत तेल मुरलं की निघत नाही, आणि कागदपत्रांच्या खोलीशेजारी चिवडा कशाला? तर म्हणतो, “बाई, दिवाळीत पणत्या लावायच्या नाहीत तर काय मोबाईलची टॉर्च लावायची?” सगळे हसले. ते हसू मी अजून विसरलेले नाही, हे कबूल करते.

कार्यक्रम दणक्यात झाला. चारशेच्या वर माणूस होता. मी माजघरातून आतल्या दालनाकडे जाणाऱ्या दारात उभी राहिले, घरून मूठभर चिंचोके आणले होते. आत जाऊन वस्तू बघणाऱ्या प्रत्येक माणसामागे एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. रात्री घरी येऊन मोजले. एकतीस. त्यातले चार जण संडास कुठे आहे ते विचारायला आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर कुण्या हौशी माणसाने खांबाच्या कोरीव तळखड्यावर पणती ठेवलेली. वर सागवानावर हातभर काजळी, आणि कडेला लाकूड करपलेलं. पेटलं कसं नाही ते देवाला ठाऊक. फरशीवरचे तेलाचे डाग राख, भुसा, रिठे सगळं करून झालं, आजही आहेत. आणि माजघरात सांडलेल्या शंकरपाळ्यांवर उंदीर लागले. जानेवारीत मोडी लिपीतल्या कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, उघडून बघते तर कडा कुरतडलेल्या. असल्याच कागदांसाठी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करत हिंडले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला आमच्या धुळ्यातच गेले. मी धुळ्याची माहेरवाशीण. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळासमोरून शाळेत गेलेली. मला तो रुमाल बघून रडू आलं. कार्यवाह म्हणाले, “उंदीर काय दिवाळीतच येतात का बाई?”

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

पहिली गोष्ट तारखेची. आपल्या खान्देशात दिवाळीत कापूस वेचणी ऐन भरात असते. आजूबाजूच्या खेड्यातला माणूस शेत टाकून तुमच्याकडे येणार नाही, त्याची वाट बघू नका. येणार ते सुरत, पुणे, नाशिकहून घरी आलेले. ते लक्ष्मीपूजनाला घरात, पाडव्याला नातेवाइकांत, आणि भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी गाडीत. तेव्हा पाडवा आणि भाऊबीज, दुपारी चार ते सात. बाकी दिवस रोजच्यासारखं उघडं ठेवा, एवढंच.

दुसरी गोष्ट, काय ठेवायचं. एक चोपडी. दिवाळीत व्यापारी वहीपूजन करतातच. तुमच्या संग्रहात एखाद्या पेढीची जुनी वही नक्की असेल. मोडी वाचणारा माणूस बोलवा आणि एका पानाचं वाचन ठेवा. तेल काय भावाने घेतलं, गड्याला किती दिले, कोणाची उधारी बुडाली. ज्यांच्या आजोबांचं आडनाव त्या पानावर निघेल ते लोक घरी जाऊन आणखी चार जणांना घेऊन येतात. वही मात्र काचेखाली, प्रकाश मंद, कागदाला पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर नको, आणि संध्याकाळी परत पेटीत. एका वेळी पंधरा माणसं. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं घर स्टेशनजवळ आहे, पाहिलं नसेल तर आधी ते पाहून या. माणूस वर्षानुवर्षं त्या घराबाहेर क्वचितच पडला आणि टेबलावर वस्तू मांडून फोटो काढत राहिला. त्या घरात ऑर्केस्ट्रा लावायचं कोणाच्या मनात तरी येईल का?

सजावटीचं म्हणाल तर थर्माकोल आणि सेल्फी पॉइंट नको. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. चित्रकार नंदलाल बोसांनी ते अधिवेशनाचं नगर बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या सामानातून सजवलं होतं. तुम्ही यावल-रावेरकडचे असाल तर नाताळच्या सुट्टीत त्याचाच कार्यक्रम करा, दिवाळीच्या मागे लागूच नका.

आता माझं खरं मत. खान्देशात संग्रहालयाचा सण दिवाळी नाही, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे. लेकी माहेरी येतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं, शेतं रिकामी असतात, शाळांना सुट्ट्या लागलेल्या किंवा लागायच्या बेतात. १८ मेला जागतिक संग्रहालय दिन येतो, म्हणजे निमित्तही आयतं. दीपोत्सवानंतरच्या आखाजीला मी कोणाला न विचारता तीन दिवस, सकाळी सात ते दहा (पुढे उन्हात कुत्रंही बाहेर पडत नाही), चौकात घरोट, म्हणजे जातं मांडलं. खर्च गहू आणि चहा. गल्लीतल्या आठ-दहा म्हाताऱ्या बसल्या, ओव्या सुरू झाल्या, पोरं दळायला रांग लावून उभी. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बहिणाबाईंची गाणी मुलाने उतरवून घेतली म्हणून राहिली, बाकी किती बायांची जात्याबरोबर गेली याचा हिशेब नाही.

तिसऱ्या दिवशी शिरपूरकडून माहेरी आलेली एक आजी आत दालनात गेली आणि एका लांब फळीपुढे थांबली. चिठ्ठी होती, ‘बसण्याचा पाट’. आमच्याच तज्ज्ञ समितीने लिहिलेली. आजी म्हणाली, “हाऊ बसाना पाट नही शे व माय, शेवयास्ना शे.” आणि खाली बसून, पीठ नसताना, नुसत्या हातांनी शेवया कशा वळतात ते करून दाखवलं. माझ्या शेजारी उभी असलेली सातवीतली मुलगी म्हणाली, आमच्या घरी माळ्यावर असाच आहे. तीन दिवसांत आत गेलेली माणसं किती? एकशे बारा. चिंचोके तेच होते, कमी पडले म्हणून परत फिरवून घेतले.

थोडं त्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी बोलतात. दीपोत्सवाच्या रात्री देणगीपेटीत आखाजीच्या तिप्पट पैसे पडले. पणत्या अगदी हव्याच असतील तर बाहेर अंगणात, वाळू भरलेल्या परातीत, दोन बादल्या पाणी आणि एक जागा माणूस ठेवून लावा. वाडा संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लेखीच घ्या, फोनवरच्या ‘हो’ला अर्थ नाही. आणि म्हाताऱ्यांना बसायला सतरंजी नाही, खुर्च्या द्या. गुडघ्यांचं माझ्या आधी लक्षात आलं नाही, एकीला उठवायला तिघी लागल्या.

मांडव भाड्याने घेऊ नका. ते पैसे मोडीवाल्याच्या एसटीला आणि जेवणाला ठेवा. आमच्या दीपोत्सवाच्या मांडवाचं बिल मी तीनदा मागितलं आहे, कार्यवाहांना ते अजून सापडायचंय.