केकचं नाव काढू नकोस

भोसरीतल्या एका कारखान्यात एचआर सांभाळणारी वाचक लिहिते: ‘खर्च कमी करायचा म्हणून आमच्याकडे दुपारचा चहा बंद झाला, निगडीची बस बंद झाली, दिवाळीची मिठाई गेली. मालकांची नवी गाडी मात्र गेटवर उभी. ओव्हरटाइमला थांबलेल्यांचा पंच, म्हणजे घरी गेल्याची हजेरी-नोंद, मी पाचलाच लावून टाकते, तसं वरून सांगितलंय. हल्ली लोक माझ्याशी धड बोलत नाहीत, मी आले की गप्प होतात. दर शुक्रवारी खेळ, वाढदिवसाला केक असं काही सुरू करू का?’

केकचं नाव काढू नकोस. (मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.)

चहा, बस, मिठाई, गाडी सगळं रंगवून लिहिलंस आणि पंचची गोष्ट एका ओळीत उरकलीस. अगं, चहासाठी कोणी अबोला धरत नाही, तो टपरीवर १५ रुपयांत मिळतो. आठपर्यंत मशीनवर उभा असलेला माणूस कागदावर पाचलाच घरी गेलेला असतो, आणि ती नोंद कोण करतं हे अख्ख्या शॉपफ्लोअरला ठाऊक आहे. मालक त्यांना क्वचित दिसतात. तू रोज दिसतेस.

जादा तासांना दुप्पट दर हे १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आलंय. नव्या कामगार संहितेनंही ते काढलेलं नाही. चहा ही मालकाची मर्जी असेल, हे तीन तास नाहीत. सरळ मजुरी बुडवणं आहे हे, आणि बुडवणारा हात तुझा आहे. ‘वरून सांगितलंय’ म्हणतेस, ते तोंडीच ना? उद्या निरीक्षकांनी हजेरीपट मागितला, तर वरचे कानावर हात ठेवतील. लॉगिन तुझं निघेल.

सोमवारपासून पंचला हात लावू नकोस. माणूस आठला गेला तर आठ. साहेबांना त्याच सकाळी मेल टाक: ‘आजपासून प्रत्यक्ष वेळेचीच नोंद ठेवत आहे. वेगळी नोंद हवी असल्यास लेखी कळवावे.’ खाली दिलगिरी नको, हात जोडलेले इमोजी तर मुळीच नकोत. लेखी कोणी देणार नाही, बघ. आरडाओरडा होईल, नोकरीची भीती घालतील. तुझ्या घराचा हप्ता असेल, मान्य. ज्यांचे तास जातात त्यांचेही हप्ते आहेत, आणि तुझ्याहून कमी पगारात.

आधी बदललेल्या पंचांची नावं-तारखांनिशी यादी मात्र रविवारीच करून ठेव. मेलचं उत्तर आलं की लिही, मग त्या थकबाकीचं बघू.