शस्त्र परवानाधारकांची यादी जाहीर करा, असा अर्ज टाकू नका

चोपड्याकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. शेजारच्या मळ्यातला माणूस दारू पिऊन बंदुकीची धमकी देतो, म्हणून जिल्ह्यातल्या सगळ्या शस्त्र परवानाधारकांची नावं-पत्त्यांसह यादी जाहीर व्हावी, असा माहिती अधिकाराचा अर्ज त्यांना करायचा आहे. तो कसा लिहावा?

भाऊ, मी वर्षानुवर्षं लोकांना हे अर्ज लिहून देतोय. तरी सांगतो, हा अर्ज टाकू नका.

तुमच्या बाजूने कायदा अजिबात नाही असं नाही. कोणाकोणाला परवाने दिले त्याचा तपशील कार्यालयाने आपणहून जाहीर करावा, असं माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतंच. रेशन दुकान, वाळूचा ठेका यांना ते लागू व्हायलाच हवं, तिथे सरकारी माल आणि लोकांचा हक्क असतो. बंदूक मात्र घरातल्या कपाटात असते, आणि त्याच घरात माणसं राहतात. कोणाच्या जिवाला धोका होईल अशी माहिती नाकारण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम ८(१)(छ) मध्ये आहे.

रावेर-यावलकडचा केळीचा मळा डोळ्यांसमोर आणा. लाइट रात्रीची, बाप-लेक पाणी भरायला गेलेले, घरात म्हातारी आणि नातवंडं. रानडुकरांसाठी घेतलेली बारा बोर कपाटात. हे घर यादीत आलं की चोराला हुडकायची गरजच उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. तिथे काडतुसांसह कंपनीची बंदूक कोणाला नको असेल? आणि ज्या सराफाचं नाव यादीत नाही, त्याच्याकडे शस्त्र नाही हेही त्याच कागदावरून कळतं.

अमेरिकेत हे होऊन गेलंय. डिसेंबर २०१२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या 'द जर्नल न्यूज' या वर्तमानपत्राने दोन काउंट्यांतल्या पिस्तूल परवानाधारकांची नावं आणि घरं नकाशावर छापली. इतका गदारोळ झाला की जानेवारीत नकाशा काढावा लागला, आणि त्याच महिन्यात राज्याने कायदा करून परवानाधारकांना आपलं नाव गुप्त ठेवण्याची सोय दिली.

आपल्याकडे नकाशाचीही गरज नाही. निवडणुकीत शस्त्रं जमा करून घेतात, तेव्हा ठाण्यात यादी तयार होते: नाव, गाव, मोबाइल, शस्त्राचा प्रकार, शस्त्राचा नंबर. अशाच एका यादीचा फोटो मी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरताना पाहिलाय. त्यात बँकेत गार्डची नोकरी करणारे निवृत्त फौजी होते. बंदूक ही त्यांची रोजीरोटी. त्यांची परवानगी कोणीही घेतली नव्हती.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नोव्हेंबर २०२५ पासून डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहितीचं कलम, बदललं. आता माहिती निव्वळ 'वैयक्तिक' आहे एवढ्यावर ती नाकारता येते; हा बदल मला मान्य नाही. त्याआड अधिकारी आपली कामं झाकतील. व्यापक जनहिताचं कलम ८(२) अजून शाबूत आहे, ते अर्जात जरूर लिहा. पण लोकांच्या घरांचे पत्ते मागायला नको, कचेरीचा कारभार उघडा पाडायला.

म्हणून हे विचारा: गेल्या पाच वर्षांत तालुकावार किती परवाने दिले, किती अर्ज नाकारले, किती परवाने रद्द वा निलंबित केले, परवान्याची किती शस्त्रं चोरीला गेली. यात कोणाचं नाव येत नाही, आणि परवाने खिरापतीसारखे वाटले जातायत का, ते मात्र दिसतं.

शेजाऱ्यासाठी यादी लागतच नाही, त्याच्याकडे बंदूक आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. ठाण्यात आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. धमकीची तारीख, वेळ, साक्षीदार लिहा. आवक नंबर घेतल्याशिवाय परतू नका. सार्वजनिक शांतता वा सुरक्षिततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ ने जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिलाय. हळदीत, वरातीत हवेत बार काढत असेल तर तेही लिहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

माहितीचा अर्ज महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवा. मसुदा इथे टाका, मी बघून देतो. शेजाऱ्याचं नाव-गाव मात्र त्यातून काढून टाका.