कोकणातल्या कातळशिल्पांचं वय नक्की कसं ठरवतात? लोक म्हणतात तशी ती पांडवकालीन आहेत का?

गावोगावी पांडवांचं नाव घेतात खरं, पण तो पुरावा नव्हे. अडचण अशी की कार्बन पद्धतीला कोळसा, हाड, लाकूड असं काही सेंद्रिय लागतं. जांभा दगडात नुसती कोरलेली रेघ असेल तर मोजायचं काय? म्हणून अभ्यासक आडवाटेनं जातात: आसपास मिळालेली दगडी हत्यारं आणि कोरलेले प्राणी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळी गावचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे कोरलेत. काही सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, चक्क गेंडा आहे, जो आज कोकणात कुठेच नाही. शेतीची दृश्यं मात्र जवळजवळ नाहीत. त्यावरून बरीच शिल्पं मध्याश्मयुगातली, म्हणजे शेती सुरू होण्याआधीची, साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची मानतात. सगळी एकाच काळातली मात्र नाहीत.

२०२२ मध्ये यातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली: रत्नागिरी जिल्ह्यातली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसयमाळ.

बघायला जाल तर सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा. तिरप्या उन्हात खाचेत सावली भरते आणि रेघ उठून दिसते. भर दुपारी शेजारी उभं राहूनही कळत नाही. आणि कृपा करून शिल्पावर पाय देऊ नका, फोटोसाठी खडूनं रेघा गिरवू नका. बांधकामाचे चिरे काढणाऱ्या खाणींनी आधीच सडे पोखरलेत.