बाबा फौजेतून कायमचे घरी आले, पण बोलत नाहीत. बाकीचे माजी सैनिक घरी सांगतात का, आणि पुढे काय करतात?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाबा सव्वीस वर्षांची नोकरी करून हवालदार म्हणून सहा महिन्यांपूर्वी घरी आले. फौजेचं काही विचारलं की "काय सांगायचं, नोकरी होती" म्हणून उठून जातात. बाकीच्या घरांत काय होतं, माणसं पुढचं आयुष्य कसं लावून घेतात, हे तुला हवं आहे. तू माझ्या मुलीच्या वयाची वाटतेस, म्हणून तू म्हणतो. राग मानू नकोस.

मी इंदूरचा, राजेंद्रनगरात वाढलेला. १९८९ साली इंदूरजवळच्या महू छावणीच्या भरतीत लागलो, जबलपूरला सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरुटी केली आणि सिग्नल्समध्ये, म्हणजे फौजेच्या फोन-वायरलेसच्या शाखेत, टेलिफोनची तार टाकणारा लाइनमन झालो. २०१३ साली चोवीस वर्षं पुरी करून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. आणखी दोन वर्षं मिळत होती, ती मी घेतली नाहीत. तेव्हा वय त्रेचाळीस. ज्या वयात आमच्या गल्लीतले लोक नोकरीत मोठी जागा मिळवत होते, त्या वयात मी काळी पेटी आणि बिस्तरबंद घेऊन स्टेशनवर उतरलो.

सांगतात का, तर हो, सांगतात. आधी एकमेकांना सांगतात, घरी फार उशिरा.

महूच्या कॅन्टीनच्या रांगेत कधी बाबांबरोबर उभी राहा. दोन अनोळखी म्हातारे शेजारी येतात. पहिला प्रश्न, "कोणती पलटण?" मग "ट्रेड कोणता?", म्हणजे फौजेत काम कोणतं. मग "कुठे कुठे होतात?" एक म्हणतो राजौरी, दुसरा म्हणतो आम्हीपण, कोणत्या साली? साल जुळलं की दोघं रांग विसरतात. त्या वर्षी बर्फ केव्हा पडला, लंगरवर, म्हणजे फौजी स्वयंपाकघरात, कोण होता, सुभेदार साहेब कोण होते, अमुक आता कुठे असतो, गेला का. शौर्याचं अक्षर त्यात नसतं. जी माणसं खरोखर वाईट जागी राहून आलीत, ती तर त्याबद्दल सगळ्यांत कमी बोलतात. पण त्या दहा मिनिटांत दोघांनाही आपली सगळी नोकरी समोरच्याला कळली असं वाटतं. घरी हे होत नाही, कारण घरात कोणाला ट्रेड म्हणजे काय हेच माहीत नसतं. आपण विचारतो, "बाबा, तुम्ही लढाई पाहिली का?" त्यावर माणूस काय बोलणार? ज्याने पाहिली त्याला सांगवत नाही, आणि ज्याने पाहिली नाही त्याला वाटतं, आपल्याकडे सांगण्यासारखं काहीच नाही.

मी या दुसऱ्या प्रकारातला होतो. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि फौज सरहद्दीवर गेली. ऑपरेशन पराक्रम. आम्ही राजस्थानात होतो, वाळूत, ऑक्टोबर २००२ पर्यंत. लढाई झाली नाही. आम्ही लाइन टाकली, लाइन सांभाळली, लाइन गुंडाळून परत आणली. मधे फेब्रुवारीत माझी मुलगी झाली. एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरने रात्री पोस्टवर फोन फिरवून मला सांगितलं, आणि त्या लाइनवर जेवढे जण जागे होते त्या सगळ्यांनी एकेक करून मुबारक म्हटलं. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती नऊ महिन्यांची होती आणि मला बघून रडली. हे मी तिला कित्येक वर्षं सांगितलंच नाही. सांगून काय म्हणणार, लढाई न झालेल्या ठिकाणी होतो?

पेन्शनवर आल्यावरचं पहिलं वर्ष वाईट गेलं. तुझ्या घरात आत्ता तेच चाललं असणार, म्हणून हे सविस्तर सांगतो.

लग्नापासून बायकोने घर एकटीने चालवलं होतं. गॅसचा नंबर लावणं, शाळेची फी, माझ्या आईचं आजारपण, प्रगतिपुस्तकावर सही, सगळं तिचं. मी वर्षाला दोन महिने पाहुणा. छुट्टीवर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पोहे-जिलबी मिळते आणि सगळे त्याच्या मर्जीने वागतात. मला वाटलं, आता कायमचं तसंच. मी पहाटे साडेचारला उठून सगळ्यांना उठवायला लागलो. स्वयंपाकघरातले डबे आकाराप्रमाणे लावले. मुलीला म्हटलं, बाहेर जाताना मला रिपोर्ट करायचं. ती अकरा वर्षांची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन आईला विचारलं, "जाऊ का?" रात्री बायको शांतपणे म्हणाली, "हा लंगर नाही, आणि आम्ही तुमच्या हाताखालची पार्टी नाही. तुम्ही नव्हतात तेव्हा हे घर चाललंय."

तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं. त्यानंतर मी गप्प झालो. राग नव्हता. या घरात माझं काम काय, ते मला सापडत नव्हतं. बाहेरून तो अबोला दिसत असेल. तुझे बाबा असेच गप्प असतील तर त्यात तुमच्यावर नाराजी आहे असं समजू नकोस. तिकडे सकाळच्या फॉल-इनपासून रात्रीच्या रोल कॉलपर्यंत दुसरं कोणीतरी सांगत असतं, आता हे कर. माणूस कुरकुरतो, पण त्याला ठाऊक असतं की तो नसला तर हाजिरीत एक जागा रिकामी दिसेल. घरी त्याची हाजिरी कोणी घेत नाही.

मग नोकरी धरली. एका मोठ्या दुकानात गार्ड, बारा तासांची ड्यूटी. माझ्या मुलाच्या वयाची पोरं "ए गार्ड" म्हणून हाक मारायची. पाच महिन्यांत सोडली. गार्डचं काम हलकं आहे असं मी म्हणत नाही, माझे कितीतरी साथी इंदूरभर एटीएम आणि सोसायट्यांच्या गेटवर मान राखून उभे आहेत. पण मला जे येत होतं त्याचा तिथे काही उपयोग नव्हता. नंतर बँकेच्या क्लार्कची परीक्षा दिली. सरकारी बँकांत क्लार्कच्या जागांत साडेचौदा टक्के माजी सैनिकांसाठी असतात, केंद्र सरकारच्या गट 'क' मध्ये दहा टक्के. वयात नोकरीची वर्षं वजा होऊन वर तीन वर्षं सूट मिळते. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दहावी पास असून पंधरा वर्षं नोकरी झाली असेल, तर गट 'क' मधल्या पदवी मागणाऱ्या, तांत्रिक नसलेल्या जागांसाठीही माजी सैनिक पात्र धरला जातो. बाबांना अजून उमेद असेल तर हे त्यांच्या कानावर घाल. मी दोनदा बसलो, इंग्रजीत राहिलो.

शेवटी माझ्याच ट्रेडने मला वर काढलं. सिग्नल्समधला माझ्याआधी पेन्शनवर आलेला एक साथी फायबर केबलची कामं घेत होता. म्हणाला, "तू आयुष्यभर तार जोडलीस, आता काच जोड." दोन महिन्यांत स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेली फायबर जोडणं, शिकलो. आता दहा वर्षं होत आली. पावसाळ्यात, किंवा जेसीबीने रस्ता खणताना केबल तुटली की फोन येतो, आणि रात्री दोनला बायपासवर खड्ड्यात बसून मी जो खूश असतो तो दुसऱ्या कशात नसतो.

मुलीशी बोलणंही तिथूनच सुरू झालं. ती तेव्हा आठवीत असेल. एकदा मला उशीर झाला आणि घरी कोणी नव्हतं म्हणून तिला साइटवर बरोबर न्यावं लागलं. तिने विचारलं, "एवढ्या लांब वायरमध्ये नेमकी कुठे तुटली ते कसं कळतं?" मी तिला ओटीडीआर दाखवला. यंत्र उजेड सोडतं आणि परत आलेल्या उजेडावरून सांगतं, इतक्या मीटरवर तुटली. ती म्हणाली, "फौजेत पण असं होतं?" मी म्हटलं, नाही गं, आमच्याकडे पाय होते. आणि मी बोलत सुटलो. दहा किलोमीटरची लाइन डेड झाली तर अर्ध्या वाटेवर जाऊन फील्ड टेलिफोन तारेला लावायचा, हँडल फिरवायचं. मागचं एक्स्चेंज बोललं आणि पुढची पोस्ट बोलली नाही, म्हणजे फॉल्ट पुढे. मग उरलेल्याच्या अर्ध्यावर जायचं. असं करत करत शेवटी शंभर पावलांत तो तुकडा सापडतो. द्रासकडे होतो तेव्हा बर्फात तार हाताने सोलायला मोजे काढावे लागायचे आणि उघड्या बोटांना तार चिकटायची. एकाने तार धरायची, दुसऱ्याने त्याची बोटं आपल्या काखेत गरम करायची, मग पाळी बदलायची. मुलगी ऐकत होती. घरी येऊन तिने आईला सांगितलं, आणि बायको म्हणाली, "हे मला कधी सांगितलं नाहीत." लग्नाला सोळा वर्षं झाली होती.

म्हणून बेटा, लढाईचं विचारू नकोस. कामाचं विचार. बाबा ड्रायव्हर असतील तर कोणती गाडी, कोणत्या घाटात. कुक असतील तर बडाखान्याला, म्हणजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, किती माणसांचं जेवण असायचं, उंचावर डाळ कशी शिजवायची. नर्सिंग असिस्टंट असतील, गनर असतील, क्लार्क असतील, प्रत्येकाकडे असं काहीतरी असतं जे त्याला उत्तम येत होतं आणि आता कोणी विचारत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, पण हे टाळू नका. पीपीओ (पेन्शनचा आदेश), डिस्चार्ज बुक, आधार आणि बँक या चारही ठिकाणी आईचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे का, ते आजच पाहा. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात. माझ्या रेकॉर्डमध्ये बायकोचं सासरचं नाव होतं, तिच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. चूक माझीच, वीस वर्षं पाहिलंच नव्हतं. दुरुस्त करायला आठ महिने गेले. उद्या बाबांना काही झालं तर फॅमिली पेन्शन आईच्या नावाने यायची असते, तेव्हा तिला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लावू नका. हयातीचा दाखला वर्षातून एकदा 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेवर लागतोच. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची उपचार योजना, तिचं कार्ड काढलं नसेल तर काढा. मुलीला लग्न किंवा नोकरी होईपर्यंत आणि मुलाला पंचविशीपर्यंत त्यात उपचार मिळतात. वन रँक वन पेन्शन १ जुलै २०१४ पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी पेन्शन नव्याने ठरते, म्हणजे आज जी रक्कम येते ती कायमची नाही. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथे तुमच्यासारखेच लोक बसलेले असतात.

आणि बाबा रात्र रात्र जागत असतील, पिणं वाढलं असेल, लहान गोष्टीवर भडकून मग तासन् तास बसून राहत असतील, तर माझ्या गोष्टींवर थांबू नकोस. ईसीएचएसच्या पॉलीक्लिनिकमधून मनाच्या डॉक्टरांकडेही पाठवतात. १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन तूही करू शकतेस. गुडघा दुखला की आम्ही सिक रिपोर्ट करतो, यासाठीही तसंच करायचं.

महूला काली पलटनजवळ बाबासाहेबांचं जन्मस्मारक आहे. मी कॅन्टीनला गेलो की कधीकधी तिथे थांबतो. त्यांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते, महूच्या लष्करी शाळेत शिकवायचे. १८९४ मध्ये पेन्शनवर गेले, आधी दापोली, मग सातारा. पेन्शन तुटपुंजी, आणि ते मुलांच्या अभ्यासामागे लागले. घरी आलेल्या एका फौजीने पुढच्या वर्षांत काय केलं, हे मला तिथे उभं राहिल्यावर दरवेळी नव्याने मोठं वाटतं.

दर १४ जानेवारीला माजी सैनिक दिवस असतो. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये त्याच तारखेला निवृत्त झाले होते. जवळच्या छावणीत मेळावा असतो. बाबांना एकट्याला पाठवू नकोस, बरोबर जा आणि जरा मागे बस.

त्याआधी एक कर. घरात त्यांची काळी पेटी असेल, पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव लिहिलेली. नीट पाहिलंस तर रँकच्या जागी खाली जुनी अक्षरं दिसतील, शिपाई, त्यावर नाईक, त्यावर हवालदार. दरवेळी रंग कोणी मारला आणि तेव्हा ते कुठे होते, एवढंच विचार. मग त्यांचा ट्रेड कोणता होता ते मला खाली लिहून कळव. सिग्नल्सचे निघाले तर माझा जय हिंद सांग.